दिलेली संमती परत घेण्याचा हक्क
(घाटकोपर येथील एका विहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या या मालेत आपण शील, समाधी व प्रज्ञा यांविषयी पुष्कळ ऐकले. आज मी जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता कचेरीतल्या कागदांचा आहे. अवयवदानाचे किंवा देहदानाचे संमतिपत्र एकदा भरून दिल्यावर ते परत घेता येते काय, आणि परत घेणाऱ्या माणसाने शब्द मोडला असे म्हणावे काय, हा तो विषय होय. हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. तो विक्रोळीच्या एका वृद्ध मातेने आणला.

ही बाई महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीत मंडप घातला होता. मंडपात एक टेबल मांडून काही तरुण संमतिपत्रे भरून घेत होते. तिचा थोरला मुलगा त्या कार्यक्रमाचा कार्यकर्ता. त्याने आईला पुढे आणले, तरुणांनी अर्ज भरला, तिने सही केली, लोकांनी टाळ्या वाजविल्या. आपण डोळे दिले एवढेच तिला समजले होते. पुढे दोन वर्षांनी नातवाने पेटीतील कागद वाचून दाखविले तेव्हा तिला कळले की, डोळे, अवयव आणि सबंध देह, या तिन्ही ठिकाणी तिच्या सह्या आहेत.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, डोळे द्यायला माझी ना नाही. पण सगळी कुडी नको द्यायला. साथीच्या वर्षी ह्यांना दवाखान्यातून परस्पर नेलं. पोरांनी तोंड पाहिलं नाही, खांदा दिला नाही. मला तरी पोरांच्या खांद्यावरून जाऊ द्या. पण शब्द दिलाय बाबासाहेबांच्या नावानं. तो फिरवला तर पाप लागंल का?"

मी म्हणालो, "मावशी, पाप लागणार नाही. तुमचा देह तुमचा आहे."

ती समजली. तिचा मुलगा मात्र समजेना. तो म्हणाला, "गुरुजी, लोक काय म्हणतील? कार्यकर्त्याच्या आईने देहदान रद्द केले म्हणतील. आपणच मागे फिरलो तर समाजाला काय सांगायचे?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणूनच त्याच्या बोलण्याचे मला अधिक भय वाटले. ज्या समाजाने आपणांस शतकानुशतके सांगितले की, तुमचे शरीर कोणत्या कामी लावायचे ते आम्ही ठरवू, त्या समाजातून आपण बाहेर पडलो. आणि बाहेर पडून आता आपणच आपल्या आईला सांगणार काय की, तुझ्या देहाचे काय करायचे ते चळवळ ठरवील?

वतनाची आठवण ठेवा. १८७४ च्या वतन कायद्यात सुधारणा करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. महाराच्या घरात जन्मला म्हणून त्याने दिवसरात्र कोणाचेही काम करावे, आणि त्याला विचारूही नये, अशी ती पद्धत होती. वतनदाराला 'नाही' म्हणता येत नव्हते, म्हणून त्याच्या 'होय'लाही काही किंमत नव्हती. जेथे नकार देता येत नाही तेथे होकार हा होकार नसतो. हे एकच वाक्य आज मला आपणांस सांगावयाचे आहे. बाकी सर्व याचे स्पष्टीकरण आहे.

आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील काय सांगते? न दिलेले घेण्यापासून मी अलिप्त राहीन. आपण त्याचा अर्थ 'चोरी करू नये' एवढाच करतो. परंतु शब्द पाहा. तेथे चोर हा शब्द नाही. 'न दिलेले' हा शब्द आहे. एखादी वस्तू दिली आहे की नाही हे देणाराच्या मनावरून ठरते. देणाराने मन बदलले, ते स्पष्ट सांगितले, आणि तरीही जुन्या कागदाच्या आधाराने ती वस्तू कोणी घेतली, तर त्याने न दिलेले घेतले असेच म्हटले पाहिजे.

जातकांतील शिबी राजाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्याने याचकाला आपले डोळे दिले. आपण ही गोष्ट राजाच्या थोरवीसाठी सांगतो. मी ती त्याच्या वैद्यासाठी सांगतो. त्या वैद्याचे नाव सीवक. राजाची आज्ञा झाली म्हणून त्याने एकदम डोळा काढला नाही. औषधी चूर्णाचा पहिला प्रयोग केला आणि म्हणाला, महाराज, विचार करा, अजून मी डोळा पूर्ववत करू शकतो. दुसऱ्यांदा चूर्ण लावले आणि पुन्हा तेच विचारले. तिसऱ्यांदाही विचारले. राजाने प्रत्येक वेळी 'पुढे चाल' म्हटले, म्हणून ते दान झाले. गोष्ट गोष्ट म्हणूनच घ्या. परंतु ज्यांनी ती रचली त्यांना हे ठाऊक होते की, परत फिरण्याची वाट शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी ठेवली तरच देणाराचे देणे खरे ठरते. आपल्या मंडपातील तरुणांनी त्या मातेला एकदाही विचारले नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ साली झाला आणि महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे. २०११ साली त्यात दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला आणि २०१४ साली नवे नियम आले. मरणोत्तर अवयवदानाची संमती लेखी असावी, दोन किंवा अधिक साक्षीदारांसमक्ष द्यावी आणि त्यांतील निदान एक निकटचा नातेवाईक असावा, असे या कायद्याचे ३ रे कलम सांगते. त्याच कलमात पुढे असे आहे की, ज्याच्या ताब्यात मृतदेह आहे त्याने अवयव काढण्यास सवलत द्यावी; मात्र दात्याने ती संमती नंतर मागे घेतली होती असे मानण्यास कारण असेल तर देऊ नये. म्हणजे संमती मागे घेण्याचा हक्क कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. तो संमतीच्या कलमातच आहे.

देहदानाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा कारभार १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली चालतो आणि देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे जातो. पश्चिम उपनगरांत २०१५ पासून जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडलेले महानगरपालिकेचे महाविद्यालय आहे. पूर्व उपनगरांतील लोकांना शीव, परळ किंवा मुंबई सेंट्रल येथील महाविद्यालयांकडे जावे लागते.

म्हणून पहिली गोष्ट ही की, आपण नेमकी कशावर सही केली ते पाहा. नेत्रदान, अवयवदान व देहदान ही तीन वेगळी दाने आहेत. नेत्रदान घरी मृत्यू आला तरी होते. साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसे यावी लागतात आणि त्यानंतर अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे मरणोत्तर दान बहुधा अतिदक्षता विभागात मेंदू मृत झालेल्या माणसाचेच होते. चार डॉक्टरांचे मंडळ निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि मग दाखला देते. त्यानंतरही देह घरच्यांना मिळतो. देहदानात मात्र देह महाविद्यालयात राहतो. आमच्या मावशीला पहिले हवे होते आणि तिसरे नको होते. एक रद्द करून दुसरे ठेवता येते, हे ऐकून तिच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरले.

दुसरी गोष्ट, रद्द करावयाचे कसे? त्यासाठी कायद्याने वेगळा नमुना नेमून दिलेला नाही. साध्या कागदावर लिहा: मी अमुक, राहणार अमुक, अमुक तारखेला दिलेली अमुक दानाची संमती स्वखुशीने मागे घेत आहे. काय मागे घेतले आणि काय कायम ठेवले हे स्पष्ट लिहा. तारीख घाला. संमती देताना जसे दोन साक्षीदार लागतात तसेच येथेही घ्या आणि त्यांत एक निकटचा नातेवाईक असू द्या. ज्या संस्थेकडे, रुग्णालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे संमतिपत्र दिले तेथे हे पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आम्ही गेलो तेव्हा कारकून म्हणाला, असा नमुना आमच्याकडे नाही. आम्ही म्हणालो, नमुना नसला तरी शिक्का आहे ना? तेवढा मारा. त्याने मारला.

अवयवदानाचा संकल्प राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदविला असेल तर तेथेच तो रद्द करण्याची सोय आहे. घरातील मुलगी किंवा मुलगा ते करून देईल; त्या संस्थेला पत्र लिहूनही कळविता येते. खिशातले दात्याचे कार्ड फाडून टाका. मृत्युपत्रात तसा उल्लेख असेल तर मृत्युपत्र बदला. ते जिवंतपणी केव्हाही बदलता येते. आणखी एक स्थान आहे, जे कोणाच्या लक्षात येत नाही. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जातही अपघाती मृत्यूनंतर अवयव देण्याविषयी विचारलेले असते. अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा येथील परिवहन कचेरीत दलालाने अर्ज भरला असेल तर तेथे कोणती खूण केली ते एकदा पाहून घ्या. आपले अनेक तरुण रिक्षा व टॅक्सी चालवितात, म्हणून सांगतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरच्यांना सांगा. शिक्क्याचा कागद कपाटात राहतो आणि मृत्यू रात्री दोन वाजता येतो. त्या वेळी डॉक्टर कपाटाला विचारीत नाहीत, मुलाला व सुनेला विचारतात. कायद्यात काहीही असले तरी आपल्याकडे घरच्यांनी नकार दिल्यावर रुग्णालये अवयव घेत नाहीत. याचा अर्थ असा की, तुम्ही दान देऊ इच्छिता आणि घरचे अडवितात, हेही घडते. आणि तुम्ही संमती मागे घेतली पण घरच्यांना माहीत नाही, म्हणून तुमच्या मनाविरुद्ध होते, हेही घडते. दोन्हींवर उपाय एकच आहे. जेवायला एकत्र बसता तेव्हा बोला.

न बोलल्याने काय होते ते केरळात दिसले. तेथील ज्येष्ठ मार्क्सवादी नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. मुलाचे म्हणणे, वडिलांनी देहदानाची इच्छा साक्षीदारांसमक्ष बोलून दाखविली होती. मुलीचे म्हणणे, त्यांचा ख्रिस्ती पद्धतीने दफनविधी व्हावा. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथून जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. देहदान कायम राहिले. पण तोवर तो देह वैद्यकीय महाविद्यालयात जतन करून ठेवावा लागला आणि एका घराची दोन घरे झाली. कोण बरोबर होते हे सांगणे माझे काम नाही. एका स्पष्ट कागदाने किती दुःख वाचले असते, एवढेच मी सांगतो.

आता भगिनींना विशेष सांगावयाचे आहे. मृत्यूनंतरच्या दानाविषयी मी बोललो. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देण्याचा प्रसंगही येतो. आपल्या देशात जिवंत दात्यांत बहुतेक स्त्रिया असतात आणि अवयव मिळणाऱ्यांत बहुतेक पुरुष असतात. प्रेमाने देणाऱ्या मातेला व पत्नीला माझे वंदन आहे. परंतु सासरच्या दहा माणसांनी वेढून बसून 'तूच दे' म्हटल्यावर ज्या बाईने मान हलविली, तिने संमती दिली काय? कायद्यालाही ही शंका आली आहे. २०१४ च्या नियमांत असे आहे की, दाती स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी केव्हाही संमती मागे घेता येते. तपासण्या झाल्या, खर्च झाला, शपथपत्र झाले, आता माघार नाही, असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. खाटेवर निजल्यावरही तुम्ही 'नको' म्हणू शकता. डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करा. आणि जो कोणी पैशाची लालूच दाखवील त्याला सांगा की, अवयवाचा व्यापार करणाऱ्यास ५ ते १० वर्षे कारावास आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

ज्यांनी कोठेही सही केली नाही त्यांनीही स्वस्थ बसू नये. मृताने संमती दिली नव्हती आणि हरकतही घेतली नव्हती, तर जवळचे नातेवाईक निर्णय घेऊ शकतात. रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू आला आणि ४८ तासांत कोणी निकटच्या नातेवाइकाने देह मागितला नाही, तर तेथील प्रमुखास अवयव काढण्याची परवानगी देता येते. देह घेण्यास कोणी नातेवाईक येण्याचा संभव असेल तर मात्र तसे करता येत नाही. म्हणून आपले नाव, पत्ता आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक खिशात असू द्या. बेवारस म्हणून कोण ठरतो? जो गावाहून एकटा आला, रेल्वेच्या रुळाशेजारी राहिला, ज्याच्यासाठी कोणी विचारपूस केली नाही, तो. आपल्यापैकी कोणीही बेवारस ठरू नये हे आपल्या विहाराचे काम आहे.

काहीजण मला विचारतील, गुरुजी, आपण लोकांना मागे फिरण्यास शिकविता. मग रांगेत वाट पाहणाऱ्या रोग्यांचे काय? मी उलट सांगतो. ब्राझील देशात १९९७ साली असा कायदा झाला की, ज्याने नकार नोंदविला नाही तो प्रत्येक जण दाता समजावा. लोकांचा, विशेषतः गरिबांचा, रुग्णालयांवर विश्वास नव्हता. ते रांगा लावून नकार नोंदवू लागले. १९९८ सालीच सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. याच्या उलट बौद्ध श्रीलंकेकडे पाहा. तेथे डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापन केली. लोकांनी आपण होऊन डोळे दिले, इतके की, त्या लहान देशाने इतर देशांतील आंधळ्यांना दृष्टी पाठविली. भयाने दान आटते, विश्वासाने वाढते. परत घेता येते हे ज्याला ठाऊक आहे तोच निर्भयपणे देतो.

मात्र एक सावधगिरी सांगतो. संमती मागे घ्या, पण कारण तुमचे स्वतःचे असू द्या. डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळे जन्माला यावे लागते, अवयव दिले तर आत्म्याला गती मिळत नाही, असे सांगून कोणी भय घालीत असेल तर त्याला विचारा, कोणता आत्मा? बुद्धाने जो नाकारला तो? जुने भय मागच्या दाराने घरात घेऊ नका. शेजाऱ्याच्या टाळीसाठी देऊ नका आणि शेजाऱ्याच्या भीतीने परतही घेऊ नका. ज्याने दिले त्याचा मान राखा, ज्याने दिले नाही त्याचा अपमान करू नका. आणि जे कार्यकर्ते मंडपात अर्ज भरून घेतात त्यांना माझी विनंती आहे: अर्ज वाचून दाखवा, तिन्ही दाने वेगळी समजावून सांगा आणि 'हे केव्हाही परत घेता येते' हे सहीच्या आधी सांगा, नंतर नव्हे. सीवकाप्रमाणे तीनदा विचारा.

त्या मातेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पत्रावर साक्षीदार म्हणून सही कोणी करावी हा प्रश्न निघाला तेव्हा मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने आईच्या हातातून पेन घेतले आणि सही केली. तो म्हणाला, "आई, त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं." दीड वर्षाने ती पहाटे झोपेतच गेली. सुनेने शिधापत्रिकेजवळ ठेवलेली पत्राची प्रत काढली आणि आधी नेत्रपेढीला कळविले. दोन तासांत माणसे आली. दुपारी वस्तीतील एक गृहस्थ जुना कागद घेऊन आले आणि म्हणाले, यांचे तर देहदान होते. सुनेने शिक्क्याची प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली, हात जोडले आणि ते तिरडी बांधावयास बसले.

चार मुलांनी खांदा दिला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी नेत्रपेढीचे पत्र सर्वांसमोर वाचले गेले. तिने जे दिले ते दिले गेले आणि जे दिले नाही ते कोणी घेतले नाही.

आज घरी गेल्यावर आपापली पेटी उघडा, कागद काढा, मोठ्याने वाचा आणि घरातील प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्या आईला, विचारा: तुझी इच्छा काय आहे?

जय भीम!